विनापासवर्ड दूरस्थ प्रवेश

एका सर्व्हरवरील स्क्रिप्टला पासवर्ड टाइप न करता दुसऱ्या सर्व्हरवर शिरता यावे, यासाठी वापरली जाणारी किल्लीआधारित ओळखपद्धती. तिचे सर्वांत रूढ साधन म्हणजे एसएसएच अर्थात सिक्युअर शेल. रात्रीचे बॅकअप, लॉग गोळा करणे, फायलींची देवाणघेवाण अशा कामांच्या वेळी संगणकापुढे कोणी बसलेले नसते आणि स्क्रिप्टमध्येच पासवर्ड लिहून ठेवणे धोक्याचे असते. या पद्धतीत पासवर्ड नसला तरी कुलूप असतेच. ते फक्त वेगळ्या किल्लीने उघडते.

इतिहास : बीएसडी युनिक्समधील आरलॉगिन आणि आरएसएच हे प्रोग्राम यजमान यंत्राच्या नावावर विश्वास ठेवून पासवर्डविना प्रवेश देत, आणि सारी माहिती उघड्या स्वरूपात धाडत. १९८८ च्या मॉरिस वर्म या स्वतःहून पसरणाऱ्या प्रोग्रामने पसरण्यासाठी याही विश्वासाचा फायदा घेतला. १९९५ मध्ये हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्डचोरी झाल्यानंतर तातू युलोनेन यांनी एसएसएच तयार केले. ओपनबीएसडी प्रकल्पाचे मुक्त ओपनएसएसएच १९९९ मध्ये आले. एसएसएचची दुसरी आवृत्ती २००६ मध्ये इंटरनेट मानक-दस्तऐवजांत नोंदली गेली.

कार्यपद्धती : किल्ल्यांची जोडी तयार केली जाते. खाजगी किल्ली मूळ सर्व्हरवरच राहते. सार्वजनिक किल्ली दूरच्या खात्यातील ‘ऑथराइज्ड कीज’ या फायलीत नोंदवतात. प्रवेशाच्या वेळी मूळ सर्व्हर त्या सत्राच्या ओळखक्रमांकासह माहितीवर खाजगी किल्लीने सही करतो आणि समोरचा सर्व्हर सार्वजनिक किल्लीने ती पडताळतो. खाजगी किल्ली नेटवर्कवरून जात नाही. दर सत्राचा ओळखक्रमांक वेगळा असल्याने एकदाची सही पुन्हा चालत नाही.

मांडणी : समजा, भिलाईतील कार्यालयाचा सर्व्हर रोज पहाटे २ वाजता पुण्यातील सर्व्हरवर बॅकअप पाठवतो. त्यासाठी दोन्हीकडे स्वतंत्र खाते उघडावे. भिलाईच्या सर्व्हरवर ‘एसएसएच-कीजेन’ने ईडी२५५१९ प्रकारची किल्ली तयार करावी आणि ‘एसएसएच-कॉपी-आयडी’ने तिचा सार्वजनिक भाग पुण्याला पोहोचवावा. एसएसएचच्या फोल्डरला ७०० आणि खाजगी किल्लीला ६०० अशी परवानगी ठेवतात. इतरांना वाचता येणारी खाजगी किल्ली एसएसएच वापरत नाही. पहिल्या जोडणीत पुण्याच्या सर्व्हरच्या किल्लीचा ठसा (फिंगरप्रिंट) दुसऱ्या मार्गाने पडताळून मगच स्वीकारावा. स्क्रिप्टमध्ये ‘बॅचमोड’ चालू ठेवल्यास किल्ली नाकारली गेली तरी प्रोग्राम पासवर्डची वाट पाहत अडकत नाही. चूक नोंदवून थांबतो.

इतर उपयोग : पुण्याच्या आयसर संस्थेतील परम ब्रह्म महासंगणकावर वापरकर्ते एसएसएचनेच शिरतात. अशा समूहसंगणकांत एकच गणित अनेक नोडांवर, म्हणजे समूहातील वेगवेगळ्या संगणकांवर, वाटतानाही नोडांमधील विनापासवर्ड प्रवेश पुष्कळदा लागतो.

सुरक्षा : स्वयंचलित कामाच्या किल्लीला बहुधा सांकेतिक वाक्य नसते, फाईल ज्याच्या हाती, प्रवेश त्याचा. म्हणून अशा किल्लीचे अधिकार तिच्या कामाएवढेच असावेत. ‘ऑथराइज्ड कीज’मधील तिच्या नोंदीत ‘फ्रॉम’ने ती ठरावीक पत्त्यापुरती, ‘कमांड’ने एकाच आज्ञेपुरती बांधता येते, २०१६ पासून उपलब्ध असलेला ‘रिस्ट्रिक्ट’ पोर्ट वळवण्यासारख्या बाकीच्या सवलती बंद करतो. प्रत्येक कामाला वेगळी किल्ली द्यावी. काम संपले की तिची नोंद पुसावी. २००८ मध्ये डेबियन या लिनक्स प्रणालीच्या सदोष आवृत्तीने तयार केलेल्या किल्ल्या अंदाजाने ओळखता येतात असे उघड झाले आणि असंख्य सर्व्हरांवरील किल्ल्या बदलाव्या लागल्या. कोणती किल्ली कुठे आहे याची यादी ज्यांच्याकडे होती, त्यांनाच ते काम खात्रीने पुरे करता आले. ती यादी ठेवणे हा या मांडणीचाच भाग होय.