घाटी, मोगलाई आणि आमचा रझाकार

नोकरीसाठी पहिल्यांदा मुंबईला गेलो तेव्हा खोलीवरचा एक पोरगा मला 'घाटी' म्हणाला. मला वाटलं, हा दवाखान्याचं काहीतरी बोलतोय. आपल्याकडं घाटी म्हणजे संभाजीनगरचा सरकारी दवाखाना. पेशंट सिरीयस झाला की परभणीचे डॉक्टर म्हणतात, 'घाटीला हलवा.' त्याच्या तोंडावरचं हसू बघितलं तेव्हा कळलं, ही शिवी आहे.

आता बोरीला कुठला आलाय घाट? परभणीहून झरीमार्गे येताना दोन्ही बाजूला काळी रानं. पण मुंबईत हा शब्द लई जुना. १८५० नंतर तिथं कापडाच्या गिरण्या निघाल्या, १८६३ ला बोरघाटातून रेल्वे सुरू झाली. कोकणातून बोटीनं आलेला तो कोकणी, सातारा-पुण्याकडून सह्याद्री उतरून आलेला तो घाटी. शब्द एवढंच सांगत होता की माणूस कुठून आला. पण घाट उतरून आलेला गडी ओझी उचलायचा, गिरणीत राबायचा. लोकांनी त्याच्या कामाला जी किंमत दिली तीच शब्दाला चिकटली. पुढं अडाणी, गबाळा, इंग्रजी न येणारा कुणीही घाटी झाला. गोव्यात तर कर्नाटकातून आलेला मजूरही घाटीच.

दुसरा शब्द पुण्यात भेटला. घरमालक आजोबा, बोलायला एकदम गोड. गाव विचारलं. परभणी जिल्हा म्हटल्यावर म्हणाले, "म्हणजे मोगलाईतले का तुम्ही!" आणि भाडं दोन महिन्यांचं आगाऊ मागितलं. (दोन्हीचा संबंध असेलच असं नाही.)

आपला मुलूख निजामाचा, मग मोगलाई कशी? तर पहिला निजाम हा दिल्लीच्या मोगल बादशहाचाच दख्खनचा सुभेदार. १७२४ साली शेजारच्या बुलढाण्यात, साखरखेर्ड्याला लढाई जिंकून तो जवळपास स्वतंत्र झाला, पण नाव बादशहाचंच घेत राहिला. मराठे त्याला मोगल म्हणायचे आणि त्याच्या मुलखाला मोगलाई. पुढं पलीकडं इंग्रजी राज्य आलं, अलीकडं निजाम राहिला. सरहद्दीवर करोडगिरीचा नाका, तिकडं कलदार रुपया तर इकडं हाली सिक्का. शाळा कमी, जुलूम जास्त. त्यामुळं मोगलाई म्हणजे अंदाधुंदी असा अर्थ पक्का झाला. त्यात तथ्य नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण जुलूम निजामाचा आणि डाग रयतेला, हा कुठला न्याय? गंमत म्हणजे ग्रामपंचायतीत भांडण लागलं की आपणही विचारतो, "ही काय मोगलाई लागून गेली का?" आपल्याच मुलखाचं नाव, आपणच शिवी म्हणून वापरतो.

इथवर मी बिचारा होतो. आता माझं सांगतो.

शाळेत असताना क्रिकेटमध्ये एका वर्गमित्रानं मला रनआऊट केलं. तो मुसलमान. मी ओरडलो, "ए रझाकार!" सगळी पोरं हसली. शब्द आमच्या घरात सहज असायचा. आज्जी रझाकारांच्या गोष्टी सांगायची, अंधार पडला की बायामाणसं रानात लपायची त्या. ते खोटं नव्हतंच. लातूरचा वकील कासीम रझवी, त्याच्या रझाकारांनी गावं लुटली, माणसं मारली.

पण रझाकार या शब्दाचा अर्थ काय? स्वतःच्या मर्जीनं काम करणारा, स्वयंसेवक. उर्दूत आजही तोच अर्थ आहे. बांगलादेशात मात्र १९७१ नंतर हीच सगळ्यात वाईट शिवी झाली, कारण तिथं पाकिस्तानी लष्कराला साथ देणाऱ्या दलाचं नाव हेच होतं. २०२४ च्या विद्यार्थी आंदोलनात याच शब्दावरून भडका उडाला.

आणि रझाकारांनी मारलेल्यांत शोएबुल्ला खान होते. 'इमरोज'चे संपादक, हैदराबादनं भारतात यावं असं लिहिणारे. ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांचा खून झाला, पोलीस ॲक्शनच्या तीन-चार आठवडे आधी. १७ सप्टेंबरला झेंडावंदनाची इतकी भाषणं ऐकली, त्यांचं नाव क्वचितच कानावर आलं. पोलीस ॲक्शननंतर कुठल्याच दलात नसलेल्या साध्या मुसलमानांवरही बऱ्याच ठिकाणी सूड उगवला गेला. पंडित सुंदरलाल यांच्या समितीनं ते लिहून ठेवलं, पण तो अहवाल कित्येक दशकं दाबून ठेवलेला होता. आज्जीच्या गोष्टीत हा भाग नव्हता. त्याच्या आज्जीच्या गोष्टीत तोच असणार.

मागच्या दिवाळीला गावाकडं गेलो तेव्हा फाट्यावर तो वर्गमित्र भेटला. चहा सांगितला. मी जरा अवघडूनच ती मॅच काढली आणि म्हणालो, "अरे, त्या शब्दाचा अर्थ स्वयंसेवक आहे, माहितीय का?"

तो बशीत चहा ओतत म्हणाला, "मला तेव्हाच माहीत होता. चौथीपर्यंत उर्दू शाळेत होतो ना मी. तुला माहीत नव्हता."

चहाचे पैसे त्यानंच दिले.