जास्त हॉर्सपॉवरच्या गाडीसाठी फ्युएल पंप कसा निवडावा?

मराठीत 'पेट्रोल पंप' म्हटले की इंधन भरण्याचे ठिकाण आठवते. पण आजच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांच्या टाकीतही एक छोटा विजेवर चालणारा पंप असतो. टाकीतले इंधन ठरावीक दाबाने इंजिनापर्यंत पोहोचवणे हे त्याचे काम. टर्बो बदलून किंवा ईसीयू रिमॅप करून गाडीची ताकद वाढवली की हा पंप अपुरा पडू शकतो.

पंप कमी पडला तर काय होते?

इंजिनात हवा जास्त आणि पेट्रोल कमी झाले की मिश्रण 'लीन' होते. टर्बो इंजिनावर पूर्ण भार असताना असे झाले, तर सिलिंडरमधले तापमान वाढते, नॉकिंग सुरू होते आणि काही सेकंदांत पिस्टन वितळू शकतो. गावात हळू चालवताना हे कळत नाही. भंडारा, लाखनी, साकोली असा राष्ट्रीय महामार्ग ५३ धरून जाताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की दोष उघड होतो.

आधी हिशेब, मग खरेदी

टर्बो पेट्रोल इंजिनाला पूर्ण ताकदीवर दर हॉर्सपॉवरमागे ताशी साधारण २७० ग्रॅम पेट्रोल लागते. ३०० हॉर्सपॉवरचे उदाहरण घेऊ.

- ३०० × २७० ग्रॅम = ताशी ८१ किलो
- एक लिटर पेट्रोलचे वजन सुमारे ०.७५ किलो, म्हणजे ताशी १०८ लिटर
- ई२० इंधनासाठी ७ टक्के जादा, म्हणजे सुमारे ११५ लिटर
- २० टक्के राखीव धरून सुमारे १४० लिटर

बाजारात २५५, ३४० आणि ४५० लिटरचे पंप मिळतात. ३०० हॉर्सपॉवरला ४५० लिटरचा पंप लावण्याची गरज नाही, हे या हिशेबावरूनच दिसते.

डब्यावरचा आकडा फसवा का?

तो आकडा ठरावीक दाबाला आणि ठरावीक व्होल्टेजला मोजलेला असतो. दाब वाढला की पंपाचा प्रवाह घटतो. पोर्ट इंजेक्शनच्या गाडीत मूळ दाब ३ बार असेल आणि टर्बोचा बूस्ट १.५ बार असेल, तर बूस्टप्रमाणे दाब वाढवणारा रेग्युलेटर असलेल्या गाडीत पंपाला ४.५ बारवर काम करावे लागते. म्हणून पंपाचा 'फ्लो चार्ट' पाहावा आणि आपल्या दाबाला किती लिटर मिळतात तेवढेच धरावे.

व्होल्टेजचेही तसेच. चाचणी बहुधा १३.५ व्होल्टला होते. जुनी, बारीक वायर असेल तर पंपाच्या टोकाला १२ व्होल्टच पोहोचतात आणि प्रवाह बराच कमी होतो. मोठ्या पंपासाठी बॅटरीपासून जाड वायर, फ्यूज आणि स्वतंत्र रिले आवश्यक आहे. अनेकदा वायरिंग सुधारल्यावर जुनाच पंप पुरतो.

टीएसआयसारख्या गाड्यांचे काय?

डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनांत दोन पंप असतात. टाकीतला पंप काही बार दाबाने पेट्रोल पुढे पाठवतो. इंजिनावरचा, कॅमशाफ्टवर चालणारा पंप तो दाब १५० बार किंवा त्याहून वर नेतो. अशा गाडीत फक्त टाकीतला पंप बदलून उपयोग होईलच असे नाही. दोन्हीकडचा दाब स्कॅनरवर पाहून कोणता पंप मागे पडतो ते आधी शोधावे.

ई२० आणि उन्हाळा

इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा लिटरमागे सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्यामुळे तेवढ्याच ताकदीसाठी इंधन जास्त लागते. इथेनॉल पाणीही शोषते, म्हणून पावसाळ्यात बराच काळ उभी राहणारी गाडी अर्ध्या टाकीवर ठेवू नये. पंप, सील आणि नळ्या इथेनॉल सोसणाऱ्याच घ्याव्यात. टाकीच्या आत बुडून राहणारी नळी वेगळ्या दर्जाची, एसएई जे३० आर१० मानकाची असते. साधी रबरी नळी आत लावली तर ती फुगते, फाटते आणि दाब जातो.

टाकीतला पंप भोवतालच्या पेट्रोलने थंड राहतो. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा रिझर्व्हवर गाडी पळवणे पंपाच्या मुळावर येते. गरजेपेक्षा फार मोठा पंप सतत पूर्ण वेगाने चालला, तर जादा पेट्रोल परत टाकीत येत राहते आणि टाकीतले इंधन तापते.

बदलण्यापूर्वी तपासा

१. फिल्टर आणि टाकीतली जाळी स्वच्छ आहे का?
२. पूर्ण भारावर इंधनाचा दाब टिकतो का?
३. पंपाच्या टोकाला किती व्होल्ट मिळतात?
४. इंजेक्टरची क्षमता पुरेशी आहे का?

नवा पंप बसवल्यावर ट्यूनिंग पुन्हा तपासून घ्यावे. वाइडबँड सेन्सरवर पूर्ण भारावरील लॅम्डा साधारण ०.८० ते ०.८५ असावा. काम करताना बॅटरीची वायर काढावी, लाइनमधला दाब उतरवावा आणि जवळ ज्योत किंवा ठिणगी येऊ देऊ नये.

कायदा काय म्हणतो?

बिघडलेला पंप बदलणे ही दुरुस्ती आहे. पण मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवरील नोंदी आणि उत्पादकाने दिलेली मूळ माहिती यांत तफावत पडेल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. कलम १८२अ नुसार बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. ताकद वाढवलेली एमएच-३६ गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणण्यापूर्वी आरटीओ आणि विमा कंपनी या दोघांकडे चौकशी करावी. पूर्ण ताकद आजमावायची असेल तर त्याची जागा रेसिंग ट्रॅक किंवा बंद धावपट्टीवरच्या ड्रॅग स्पर्धा हीच आहे.

थोडक्यात

आधी लागणारे इंधन मोजा, मग आपल्या दाबाला आणि व्होल्टेजला तेवढे इंधन देणारा पंप घ्या. सर्वांत मोठा पंप हा सर्वांत योग्य पंप असतोच असे नाही.