दृढीकरण संस्कार : पवित्र आत्म्याची मुद्रा

स्नानसंस्कार, दृढीकरण आणि ख्रिस्तशरीर हे ख्रिस्ती दीक्षेचे तीन संस्कार होत. त्यांपैकी दृढीकरणाविषयी आपल्या धर्मग्रामांतून सर्वांत कमी बोलले जाते. त्याचा दाखलासुद्धा बहुधा लग्न ठरल्यावरच शोधला जातो!

या संस्काराचे मूळ प्रेषितांच्या काळात आहे. शोमरोनातील लोकांनी फिलिपकडून स्नानसंस्कार घेतला होता. तरीही पेत्र आणि योहान यरुशलेमहून तेथे गेले, त्यांनी प्रार्थना करून त्यांच्यावर हात ठेवले व त्यांना पवित्र आत्मा मिळाला, असे ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथाच्या आठव्या अध्यायात सांगितले आहे. कालांतराने हात ठेवण्याच्या विधीला सुगंधी तेलाच्या अभ्यंगाची जोड मिळाली. ऑलिव्हच्या किंवा अन्य वनस्पतीच्या तेलात सुगंधी द्रव्य मिसळून तयार होणारे हे क्रिझ्म तेल महागुरुस्वामी स्वतः पवित्र करतात. धर्मगुरूंच्या दीक्षाविधीतही हेच तेल वापरले जाते, ही गोष्ट दृढीकरण घेणाऱ्या मुलांना आवर्जून सांगावी.

आजचा विधी परमगुरुस्वामी सहावे पॉल यांनी 1971 साली निश्चित केला. महागुरुस्वामी उमेदवाराच्या कपाळावर क्रिझ्म तेलाने क्रुसाची खूण करतात आणि पवित्र आत्म्याच्या दानाची मुद्रा स्वीकारण्यास त्याला सांगतात. त्यापूर्वीच्या विधीत गालावर एक हलकीशी चापटही मारली जात असे. ख्रिस्तासाठी सोसावे लागेल, याची ती खूण समजली जाई. वडीलधाऱ्यांना विचारल्यास तिची आठवण अजून निघते.

महागुरुस्वामीच का? प्रारंभीच्या ख्रिस्तसभेत दीक्षेचा सोहळा त्यांच्याच अध्यक्षतेखाली होई. श्रद्धावंतांची संख्या वाढली, गावोगावी मंडळ्या झाल्या, तेव्हा पश्चिमेकडील ख्रिस्तसभेने हा अभ्यंग महागुरुस्वामींसाठी राखून ठेवला. पौर्वात्य ख्रिस्तसभांनी मात्र त्यांनी पवित्र केलेले तेल धर्मगुरूंच्या हाती देऊन तो स्नानसंस्काराबरोबरच ठेवला. म्हणूनच मुंबई-ठाण्यातील आपल्या सिरो-मलबार शेजाऱ्यांच्या तान्ह्या बाळालाही दृढीकरण मिळालेले असते.

येथेच एक प्रचलित गैरसमज दूर केला पाहिजे. दृढीकरण म्हणजे धर्मशिक्षण वर्गाचा निरोप समारंभ किंवा ‘मोठे झाल्याचा’ संस्कार, अशी समजूत रूढ आहे. त्या दिवसानंतर मुले वर्गाकडे आणि पुष्कळदा मिस्सेकडेही फिरकत नाहीत, हे कटू असले तरी खरे आहे. श्रद्धेची परिपक्वता आणि शरीराचे वय यांची गल्लत करू नये, असा इशारा कॅथॉलिक ख्रिस्तसभेची धर्मशिक्षा देते. 1983 च्या धर्मसंहितेनेही समजूत येण्याचे वय हाच सर्वसाधारण नियम ठेवला आहे. महागुरुस्वामींच्या परिषदेला वेगळे वय ठरविता येते. मृत्यूचा धोका असेल तर वयाची अट उरत नाही आणि कोणताही धर्मगुरू दृढीकरण देऊ शकतो. रुग्णालयात अत्यवस्थ मूल असलेल्या आईवडिलांपर्यंत ही माहिती पोहोचली पाहिजे असे आम्हाला मनापासून वाटते.

मग व्यक्तिशः आपल्यासाठी याचा अर्थ काय? आपण देवाला दिलेला होकार त्यात निश्चितच आहे. परंतु त्याहून मोठी आहे ती देवाने आपल्यावर उमटविलेली मुद्रा. ती पुसली जात नाही, म्हणून हा संस्कार एकदाच दिला जातो. दूर गेलेल्या माणसावरही ती कायम राहते. सुज्ञता, समज, सुमंत्रणा, बल, ज्ञान, भक्ती आणि देवाचे भय ही आत्म्याची सात दाने मुले वर्गात पाठ करतात. त्यांची गरज मात्र पुढे भासते. खोट्या कागदावर सही करण्याचा दबाव येतो तेव्हा बल लागते. घराच्या वाटणीवरून भावंडांत अबोला धरला जातो तेव्हा सुमंत्रणा लागते.

धर्मपिता किंवा धर्ममाता निवडताना केवळ नात्याचा मान पाहू नये. ती व्यक्ती सर्वसाधारणपणे सोळा वर्षे पूर्ण केलेली, स्वतः दृढीकरण घेतलेली आणि श्रद्धेनुसार जगणारी असावी. शक्यतो स्नानसंस्काराच्या वेळचीच व्यक्ती असावी, असे धर्मसंहिता सुचविते. आईवडिलांना मात्र ही जबाबदारी घेता येत नाही.

ज्यांचे दृढीकरण राहून गेले आहे त्यांनी, मोठी अडचण नसल्यास, विवाहापूर्वी ते घ्यावे असा नियम आहे. परंतु लग्नाची वाट पाहण्याचे कारण नाही. दाखला हरवला असल्यास प्रथम स्नानसंस्कार झालेल्या धर्मग्रामात चौकशी करावी, कारण दृढीकरणाची नोंद तेथील पुस्तकातही केली जाते.