विरजण आणि पटकी

मुंबईहून सोलापुरास जाणाऱ्या लोहमार्गावर मोहोळ हें स्टेशन आहे. तेथून पंढरपूर सुमारें ४० किलोमीटर. कुर्डुवाडीहून पंढरपूरपर्यंतचा अरुंद लोहमार्ग १९०६ सालीं झाला. तोंपर्यंत आगगाडीनें येणारे यात्रेकरू मोहोळसारख्या स्टेशनांवर उतरून पायीं अथवा बैलगाडीनें पुढें जात. एकोणिसाव्या शतकांत याच वाटांनीं पटकीचीही ये-जा होत असे. यात्रेंत रोग उद्भवावा आणि परतणाऱ्या यात्रेकरूंनीं तो नकळत गांवोगांवीं पोंचवावा, असें वारंवार घडलें. लोकांनीं त्यास मरीआईचा कोप म्हटलें. कित्येक डॉक्टरांनीं दूषित हवेस दोष दिला.

खरें कारण पाण्यांत होतें. लंडनच्या जॉन स्नो यानें तें १८५४ सालींच दाखविलें होतें. पुढें १८८४ सालीं जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यानें कलकत्त्यास रोग्यांच्या आंतड्यांत स्वल्पविरामासारखा वांकडा जंतु ओळखला, आणि तोच एका तळ्याच्या पाण्यांतही दाखविला. तेव्हांपासून ‘जंतु म्हणजे शत्रु’ हें समीकरण सुशिक्षितांच्या मनांत रुजलें.

परंतु त्याच काळीं त्याच वाटेवरील घरांघरांतून दुसरे जंतु मुकाट्यानें मनुष्याची सेवा करीत होते. दह्याचें विरजण आणि ज्वारीच्या पिठाची आंबील ही त्यांचीच करणी. दूध नासतां आंबट होतें तें सजीव सूक्ष्म जंतूंमुळें, असें लुई पाश्चर यानें १८५७ सालीं प्रतिपादिलें. हे जंतु दुधांतील साखरेचें आम्ल करितात, आणि पटकीच्या जंतूस आम्लाचें वावडें आहे. चांगल्या आंबट दह्यांत तो फार वेळ तग धरीत नाहीं. आपल्या आज्यांनीं जंतूचें नांवही न ऐकतां पिढ्यान्‌पिढ्या विरजण राखलें, तें जंतुपालनच होय.

या दोन कथा इतिहासांत एका गुरुशिष्यांच्या जोडींत एकत्र येतात. ओडेसा येथें मेचनिकॉफ याच्या हाताखालीं शिकलेल्या हाफकिन यानें १८९२ सालीं पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत पटकीची लस सिद्ध केली, प्रथम स्वतःस टोंचून घेतली, आणि पुढील वर्षीं तो हिंदुस्थानांत आला. मुंबईस परळ येथील संस्था १९२५ पासून त्याचें नांव धारण करिते. गुरूनें १९०७ सालीं त्याच पॅरिसांतून दह्यांतील जंतूंचा महिमा गाइला. दह्यानें आयुष्य वाढतें हें त्याचें म्हणणें सिद्ध झालें नाहीं. पण जंतूंतही मित्र असतात, हें त्यानें जगास पटविलें.

तथापि या मैत्रीस मर्यादा आहे. दह्यांत अशुद्ध पाणी ओतून ताक केलें, कीं आम्लाची धार बोथट होते आणि शत्रूस वाट मिळते. ‘जंतु तेवढा वाईट’ ही समजूत जितकी खोटी, तितकीच ‘आंबट तेवढें निर्भय’ ही घातक. म्हणून उन्हांतून आलेल्या पाहुण्यापुढें ताकाचा पेला ठेवण्यापूर्वीं, दहीं किती गोड लागलें याहून पाणी कोठचें व तें शुद्ध केलें कीं नाहीं, हें पाहणें हेंच खरें आतिथ्य होय.