शाळामास्तरांनी टिपलेल्या समजुती

उर्दू शाळेत शिकवताना मी एकदा मुलांना घरावर निबंध लिहायला सांगितला. एका मच्छीमार घरातल्या मुलाने लिहिले, ‘दादा जुम्याच्या नमाजेआधी होडी दर्यात घालत नाहीत. घातली तर दर्या रागावतो.’ मी लाल शाईने शेरा मारला : तवह्हुमपरस्ती. त्यानंतर त्या मुलाने घरातली एकही गोष्ट वहीत लिहिली नाही. चूक माझी होती, हे मला पुढे एका जुन्या ग्रंथाने शिकवले.

नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याने मुंबई इलाख्यातल्या लोकसमजुती गोळा करायला घेतल्या होत्या. २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे यांनी त्याच्यावर गोळ्या झाडल्या. त्याची कागदपत्रे एन्थोवेन याने संपादून कोकणचा भाग १९१५ मध्ये छापला. प्रश्नांची उत्तरे बहुतेक गावोगावच्या शाळामास्तरांनी पाठवली होती. तळटीपांत मास्तरांची नावे नाहीत, गावांची आहेत : पालशेत, मिठबाव, उभादांडा. काय मानतात ते त्यांनी इमानाने टिपले. का मानतात, हा प्रश्न मात्र बहुधा मागेच राहिला.

त्या ‘का’ची उत्तरे मानववंशशास्त्राने शोधली. फ्रेझरने जादूटोण्याला चुकलेले विज्ञान ठरवले. माझा लाल शेरा त्याच जातीचा. दुरखेमने १९१२ मध्ये सांगितले की श्रद्धेतून समाज स्वतःला एकत्र बांधतो. आपल्या गणपतीपुळ्यातच पाहा. चतुर्थीला घरोघर वेगळी मूर्ती न बसवता सारा गाव एकाच देवळात जातो, ही इथली जुनी रीत. टेकडीलाच देव मानतात, म्हणून प्रदक्षिणाही टेकडीभोवती. एक टेकडी, एक गाव!

मालिनोव्हस्की पहिल्या महायुद्धाच्या काळात ट्रोब्रियाँड बेटांवर राहिला. तिथले लोक शांत खाडीत मासे धरताना मंत्रतंत्र करीत नसत, खुल्या समुद्रात जाताना मात्र करीत. म्हणजे हुन्नर त्यांच्याकडे होताच. जिथे हुन्नराची हद्द संपते आणि जिवाची धास्ती सुरू होते, तिथे विधी येतो. नारळी पौर्णिमेला कोळी दर्याला नारळ देतात तो पावसाळ्याच्या अखेरीस, होड्या पुन्हा खोल पाण्यात जायच्या वेळी. दादांचा जुमाही त्याच भीतीच्या काठावर उभा आहे. शिवाय त्या दिवशी सारी वस्ती किनाऱ्यावर एकत्र असते, हे दुरखेमचे म्हणणे.

याच्याही नऊशे वर्षे आधी, १०३० च्या सुमारास, अल्बेरुनीने हिंदुस्थानावर ग्रंथ लिहिला. हा वादाचा ग्रंथ नाही, लोक जे मानतात ते त्यांच्याच म्हणण्याप्रमाणे मांडतो, अशी त्याची भूमिका होती. ऐकणे म्हणजे मान डोलावणे नव्हे, हे आपल्या या बुजुर्गाला ठाऊक होते.

समजून घेणे म्हणजे सारेच पाठीशी घालणे, असेही नाही. भीतीचा बाजार मांडून कुणी पैसा, अब्रू किंवा जीव घेत असेल, तर तिथे कायदाच हवा. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी त्यासाठी आयुष्य वेचले. २० ऑगस्ट २०१३ रोजी त्यांची हत्या झाली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. पण दादांचा जुमा कुणाला लुबाडत नाही. तो फक्त सांगतो की दर्या मोठा आहे.

आता मी शेरा मारत नाही. वहीत प्रश्न लिहितो : ‘कधीपासून? कशामुळे? दादांना विचारून ये.’