नैराश्यावरचे उपचार कमी पैशांत होऊ शकतात का? खर्च नेमका कुठे होतो आणि कुठे वाचतो?

महिनाअखेर आली की घरखर्चात कशाला कात्री लावायची, हा प्रश्न पडतो. भाडं टळत नाही, किराणा टळत नाही, मुलांची फी तर नाहीच नाही. नैराश्याच्या गोळ्या मात्र टळतात. त्या बंद केल्या तरी दुसऱ्या दिवशी काही बिघडत नाही, निदान तसं वाटतं.

बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने 2015-16 मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार, वेगवेगळे मानसिक आजार असलेल्या 70 ते 92 टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. लाज, माहितीचा अभाव, डॉक्टरांची कमतरता ही कारणं आहेतच. पण अनेक घरांत अडतं ते पैशांपाशी.

पैसे जातात कुठे?

केवळ समजण्यासाठी एक हिशेब करू. समजा, खासगी मानसोपचारतज्ज्ञांची फी 800 रुपये आहे आणि सुरुवातीला महिन्यातून दोनदा जावं लागतं. समुपदेशकाकडे आठवड्याला 1,000 रुपये आणि गोळ्यांना महिन्याला 500 रुपये लागतात. एकूण 6,100 रुपये झाले. त्यात गोळ्यांचा वाटा दहा टक्क्यांहूनही कमी आहे. प्रवासभाडं आणि बुडालेली हजेरी यात धरलेली नाही, आणि रोजंदारीवरच्या माणसाला तीच जास्त जड जाते.

म्हणजे लोक ज्या गोष्टीवर आधी काटकसर करतात, ती मुळात सगळ्यात स्वस्त असते. आणि ती अचानक थांबवणंच सगळ्यात महागात पडू शकतं.

या औषधांचा परिणाम दिसायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात. बरं वाटू लागल्यावरही ती किमान सहा ते नऊ महिने सुरू ठेवावीत, असं डॉक्टर सहसा सांगतात. मध्येच सोडली तर चक्कर, मळमळ, चिडचिड, झोप उडणं असे त्रास होऊ शकतात आणि आजार उलटण्याची शक्यताही वाढते. मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, पुन्हा फी. गोळी अर्धी करून पुरवणं, एक दिवसाआड घेणं किंवा शेजाऱ्याची उरलेली पट्टी वापरणं हे त्यातलेच प्रकार. डोस कमी करायचाच असेल तर तो डॉक्टरांनी, हळूहळू.

तीच गोळी, वेगळी किंमत

एस्सिटालोप्राम, फ्लुओक्सेटिन आणि अमिट्रिप्टिलिन ही नैराश्यावरची जुनी, भरपूर वापरली गेलेली औषधं आहेत. केंद्र सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ती आहेत. जनऔषधी केंद्रांत जेनेरिक औषधं ब्रँडेड औषधांपेक्षा साधारण 50 ते 80 टक्क्यांनी स्वस्त मिळतात, असं सरकार सांगतं. जवळचं केंद्र आणि औषधाची किंमत 'जनऔषधी सुगम' ॲपवर पाहता येते.

अडचण येते ती चिठ्ठीवर फक्त ब्रँडचं नाव असतं तेव्हा. त्यामुळे तपासणीच्या वेळीच 'औषधाचं मूळ नाव लिहून द्याल का? मला खर्च झेपत नाहीये' असं विचारलेलं बरं. यात संकोच वाटण्यासारखं काही नाही. खर्चाची अडचण कळली तर डॉक्टर स्वस्त पर्याय निवडू शकतात, आणि तब्येत स्थिर असेल तर दोन भेटींतलं अंतरही वाढवू शकतात.

सरकारी दवाखान्यात काय मिळतं?

महाराष्ट्रात 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत सगळी त्यात येतात. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं या निर्णयात नव्हती. तिथे आणि मुंबईत केईएम, सायन, नायर अशा पालिका रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत आणि फी खासगीच्या मानाने बरीच कमी असते.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमामुळे जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी चालते. थायरॉईड किंवा रक्तातल्या कमतरतेमुळेही नैराश्यासारखी लक्षणं दिसू शकतात. त्यासाठीच्या रक्ततपासण्यांचा खर्चही तिथे वाचू शकतो. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. तिथे बाह्यरुग्ण विभागही असतो, म्हणजे गेलं की दाखलच करतात, असं नाही.

गर्दी आणि रांग या तिथल्या खऱ्या अडचणी आहेत. कधी औषध संपलेलंही असतं. पण 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 18 नुसार ग्रामीण रुग्णालय आणि त्यावरच्या सरकारी दवाखान्यांत मानसिक आजारांवरची अत्यावश्यक औषधं मोफत मिळणं हा रुग्णाचा हक्क आहे. 'संपलंय' हे उत्तर मिळालं तर लेखी मागणी करता येते.

समुपदेशन परवडत नसेल तर?

सौम्य नैराश्यात अनेकदा गोळ्यांशिवाय, फक्त समुपदेशनानेही फरक पडतो. मात्र ते महाग आणि शहरांपुरतं आहे. गोव्यात 'संगथ' संस्थेने यावर वेगळी वाट शोधली. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक लोकांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून प्राथमिक आरोग्य केंद्रांत सहा ते आठ सत्रं घेतली. रुग्णाला पुन्हा छोट्या-छोट्या कामांकडे वळवायचं, हा त्याचा गाभा. त्याचे चांगले परिणाम 2017 मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. समुपदेशक महागडाच हवा, हा समज त्यामुळे तरी खोडला गेला. अनेक सामाजिक संस्था ऐपतीप्रमाणे फी घेतात, फक्त ते आपण विचारावं लागतं.

विमा कामी येतो का?

याच कायद्याच्या कलम 21 नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजारांना शारीरिक आजारांसारखंच संरक्षण द्यायला हवं. पण मेख वेगळीच आहे. बहुतेक मेडिक्लेम रुग्णालयात दाखल झाल्यावर लागू होतात आणि नैराश्याचे बहुतांश उपचार ओपीडीतच होतात. त्यामुळे पॉलिसीत ओपीडी संरक्षण आहे का, ते पाहा. नोकरीत असाल तर कंपनीकडून समुपदेशनाची मोफत सत्रं मिळतात का, हेही विचारा.

आज खिशात काहीच नसेल तर?

'टेली मानस' ही सरकारी हेल्पलाईन ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. 14416 हा तिचा क्रमांक. ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. गरज असेल तर पुढे तज्ज्ञांशीही जोडून देतात. जीव नकोसा वाटत असेल, स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर पगाराची किंवा अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. लगेच या क्रमांकावर फोन करा किंवा कुणाला तरी सोबत घेऊन जवळच्या सरकारी रुग्णालयाचा अपघात विभाग गाठा.