जुनी यंत्रे आणि नवी विद्या : मराठी चित्रपटाच्या आरंभकाळातील कॅमेऱ्यांचे हस्तांतर (१८९६–१९२०)

१

मराठी चित्रपटाच्या आरंभाचा इतिहास बहुधा चित्रपटांच्या नावांनी आणि निर्मात्यांच्या चरित्रांनी लिहिला गेला आहे. पहिला चित्रपट कोणता, त्याचा कर्ता कोण, तो कोणत्या नाट्यगृहात कोणत्या दिवशी दाखविला गेला, या प्रश्नांना त्यात अग्रस्थान मिळाले. ज्या यंत्राने ही चित्रे टिपली ते कोठून आले, ते नवे होते की वापरलेले, कोणी कोणास विकले, आणि घेणाऱ्याने ते पारखले कसे, हे प्रश्न मात्र तळटीपांच्या जागी राहिले. वस्तुतः ज्या काळात चित्रपटकला शिकविणारी एकही शाळा या देशात नव्हती, त्या काळात यंत्र हाच गुरू होता. म्हणून यंत्र कोणत्या मार्गाने हाती आले, यावर विद्या कोणत्या मार्गाने हाती आली हेही पुष्कळ अंशी अवलंबून होते.

प्रस्तुत निबंधात १८९६ ते १९२० या काळातील चार उदाहरणे या दृष्टीने तपासली आहेत. त्यांतून एक गोष्ट स्पष्ट होते. कॅमेरा मिळणे आणि कॅमेऱ्याची विद्या मिळणे या दोन भिन्न घटना आहेत. पहिली पैशाने घडते. दुसरी यंत्र उघडून, चालवून आणि पुनःपुन्हा कसोटीस लावूनच घडते. या दुसऱ्या कामी नव्या यंत्राइतकेच, किंबहुना काही वेळा अधिक, जुन्या वापरलेल्या यंत्राने साह्य केले.

२

७ जुलै १८९६ रोजी मुंबईतील वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा पहिला खेळ झाला. त्यांचे ‘सिनेमॅटोग्राफ’ हे यंत्र एकाच पेटीत तीन कामे करीत असे: चित्र टिपणे, त्याची प्रत छापणे व ती पडद्यावर दाखविणे. या खेळांनी प्रभावित झालेल्यांत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा (१८६८–१९५८) हे व्यवसायाने छायाचित्रकार असलेले गृहस्थ होते. त्यांनी २१ गिनी मोजून इंग्लंडातून रायली बनावटीचे यंत्र मागविले. १८९९ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये पुंडलीकदादा व कृष्णा न्हावी या मल्लांची कुस्ती त्यांनी टिपली. १९०१ च्या डिसेंबरात केंब्रिजहून रँग्लर होऊन परतलेल्या रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांच्या स्वागताचे चित्रण त्यांनी केले.

येथे एक बाब लक्षात घेण्याजोगी आहे. कुस्तीची फिल्म धुण्यासाठी लंडनला पाठवावी लागली. म्हणजे चित्रण मुंबईत झाले, परंतु ते उतरले की नाही याचा निर्णय समुद्रापलीकडे झाला. छायाचित्रकार स्वतःच्या अंधाऱ्या खोलीत काच धुतो तेव्हा चूक त्याच दिवशी त्याच्या नजरेस पडते व दुसऱ्या दिवशी सुधारता येते. चूक आणि तिचे ज्ञान यांत जर आगबोटीच्या जाण्यायेण्याचे अंतर पडले, तर शिक्षणाची गतीही त्याच मानाने मंदावते.

सावेदादांनी पुढे हा व्यवसाय सोडला व आपली सामग्री विकली. ती घेणाऱ्यांत श्रीनाथ पाटणकर, करंदीकर व दिवेकर हे होते. मराठी चित्रपटसृष्टीतील जुन्या कॅमेऱ्याचे हे बहुधा पहिले महत्त्वाचे हस्तांतर होय. पाटणकर पुढे कथापटांकडे वळले आणि १९१५ मध्ये त्यांनी नारायणराव पेशव्यांच्या वधावर चित्रपट काढला. वार्तापटांच्या पिढीकडून कथापटांच्या पिढीकडे जाणारा हा दुवा कोणत्याही जाहीरनाम्याने जोडलेला नाही. तो वापरलेल्या यंत्राच्या एका साध्या विक्रीने जोडलेला आहे.

३

याच सुमारास दोन भिन्न प्रकार घडले. त्यांची तुलना उद्बोधक आहे.

१८ मे १९१२ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात रामचंद्र गोपाळ तथा दादासाहेब तोरणे यांचा ‘पुंडलिक’ प्रदर्शित झाला. त्याचे छायालेखन बोर्न अँड शेफर्ड या कंपनीच्या जॉन्सन नावाच्या छायालेखकाने केले आणि फिल्मवरील प्रक्रिया लंडनमध्ये झाली. येथे यंत्र व ते चालविणारा हात ही दोन्ही बाहेरची होती. चित्रण संपले तेव्हा कॅमेरा परत गेला आणि त्याबरोबर त्याची विद्याही परत गेली. ही उणीव तोरण्यांनी पुढे भरून काढली. बाबूराव पै यांच्यासह त्यांनी ‘मूव्ही कॅमेरा कंपनी’ काढली आणि ते चित्रपटाच्या यंत्रसामग्रीच्या व्यापारात शिरले.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा मार्ग निराळा होता. १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले. तेथे सेसिल हेपवर्थ यांचा चित्रशाळेतील कारभार त्यांनी पाहिला आणि सुमारे ५० पौंडांस विल्यमसन बनावटीचा नवा कॅमेरा घेतला. कच्च्या फिल्मबरोबर तिला छिद्रे पाडण्याचे यंत्रही त्यांनी मिळविले, कारण त्या काळी कच्ची फिल्म पुष्कळदा छिद्रांवाचून येई. परतल्यावर त्यांनी एकदम कथापटास हात घातला नाही. घरातील माणसांचे चित्रण करून त्यांनी प्रथम यंत्र व स्वतःची धुण्याछापण्याची पद्धती तपासली. नंतर कुंडीत लावलेल्या वाटाण्याच्या रोपासमोर कॅमेरा ठेवून महिन्याहून अधिक काळ रोज थोडे थोडे चित्रण केले. तयार झालेली फिल्म जेमतेम एका मिनिटाची होती.

‘अंकुराची वाढ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रयोगाकडे सामान्यतः भांडवलदारास पटविण्याची युक्ती म्हणून पाहिले जाते. ते खरेच आहे. परंतु यंत्राची परीक्षा म्हणून त्याचे मोल त्याहून मोठे आहे. इतके दिवस एकाच जागी उभा असलेला कॅमेरा यत्किंचितही हलता कामा नये. प्रत्येक वेळी फिल्म नेमकी एक चित्रभर पुढे सरकली पाहिजे. मधल्या काळात पेटीत प्रकाशाचा किरणही शिरता कामा नये, आणि रोजचा उजेड कमी-अधिक झाला तरी चित्राची गडद-फिकट छटा राखली गेली पाहिजे. स्थैर्य, अचूक सरक, प्रकाशबंद पेटी आणि प्रकाशाचे मोजमाप या चारही कसोट्या त्या एका रोपाने घेतल्या. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला, तेव्हा त्यामागे ही तपासलेली विद्या उभी होती.

४

चौथे उदाहरण कोल्हापूरचे. आनंदराव व बाबूराव पेंटर हे बंधू मूळचे मेस्त्री. सुतारकाम, धातुकाम व मूर्तिकाम त्यांच्या घरातच होते, आणि नाटकमंडळ्यांचे पडदे रंगविण्यात त्यांनी नाव मिळविले होते. फाळक्यांच्या चित्रपटाने प्रेरित होऊन त्यांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून एक वापरलेला प्रोजेक्टर विकत घेतला. त्यावर खेळ करून ते पैसा मिळवीत व त्याच वेळी यंत्राचा अभ्यासही करीत. स्वतःचा कॅमेरा जुळविण्याच्या खटपटीत असतानाच १९१६ मध्ये आनंदराव निवर्तले. बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साह्याने ते काम पुढे चालविले आणि १९१८ मध्ये चालता कॅमेरा सिद्ध केला.

प्रोजेक्टरच्या अभ्यासातून कॅमेऱ्यापर्यंत पोचता येते, याचे कारण यंत्रशास्त्रात आहे. दोन्ही यंत्रांत फिल्म अखंड वाहत नाही. ती क्षणभर थांबते, मग एक चित्रभर सरकते व पुन्हा थांबते. थांबलेल्या क्षणी झडप उघडी असते, सरकताना ती मिटलेली असते. ३५ मिलिमीटर फिल्मवर प्रत्येक चित्राला दोन्ही कडांस चार-चार छिद्रे असतात व त्यांत अडकणारे दाते फिल्म ओढतात. हाताने दांडा फिरविण्याच्या त्या काळात एका फेऱ्यास आठ चित्रे व सेकंदास दोन फेरे, म्हणजे सेकंदास सोळा चित्रे, असा सर्वसाधारण ठेका असे. ज्याने प्रोजेक्टर उघडून हे चक्र न्याहाळले, त्याला कॅमेऱ्याचे अर्धे अंतरंग कळले.

उरलेले अर्धे मात्र अधिक कठीण होते. प्रोजेक्टरमध्ये दिव्याचा प्रकाश आतून बाहेर जातो. कॅमेऱ्यात बाहेरचा आत येतो. छापलेल्या फिल्मला उजेडाचे भय नसते. कच्ची फिल्म एका फटीने नासते. शिवाय प्रोजेक्टरमधील हिसका त्या खेळापुरता राहतो. कॅमेऱ्यातील हिसका मूळ फिल्मवर कायमचा उमटतो, आणि छापताना व दाखविताना होणारी हालचाल त्यात मिळत जाते. म्हणून कॅमेऱ्याच्या दात्यांना व खाचांना प्रोजेक्टरपेक्षा कितीतरी अधिक अचूकपणा लागतो. मेस्त्री घराण्यातील हात आणि रंगकर्म्याची नजर यांचा संयोग येथे फलदायी ठरला.

नवे, महागडे यंत्र मालक सहसा उघडून पाहत नाही. ते बिघडेल ही भीती असते. जुन्या बाजारातून आणलेले यंत्र उघडल्यावाचून चालतच नाही. त्याचा झिजलेला दाता बदलावा लागतो, सैल झालेली कमान ताणावी लागते, हरवलेला स्क्रू हाताने घडवावा लागतो. ही अडचणच कोल्हापुरात अभ्यासक्रम ठरली. १९१७ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र फिल्म कंपनीला तानीबाई कागलकर यांनी भांडवल दिले, आणि ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन सिनेमात ‘सैरंध्री’ झळकला. या कंपनीत तयार झालेले दामले, फत्तेलाल, शांताराम व धायबर यांनी सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनी काढली. प्रभातची पुण्यातील वास्तू पुढे फिल्म इन्स्टिट्यूटला मिळाली. कोल्हापुरात खरी कॉर्नर येथे या कॅमेऱ्याचे स्मारक म्हणून स्तंभ उभा आहे.

५

‘स्वदेशी कॅमेरा’ हे कोल्हापूरच्या यंत्राला लावले जाणारे विशेषण मात्र तारतम्याने वापरावयास हवे. पेटी, चक्रे, झडप व दाते येथे घडविता आले; परंतु भिंगासाठी लागणारी विशिष्ट काच त्या काळी भारतात तयार होत नव्हती. डेनिस टेलर यांचे ‘कुक’ भिंग १८९३ चे व पॉल रुडॉल्फ यांचे त्साइस कारखान्यातील ‘टेसार’ १९०२ चे. अशी भिंगे परदेशातच घासली जात. यावरून कोल्हापूरच्या कॅमेऱ्याचे भिंगही परदेशी काचेचेच असणार, हे अनुमान अटळ ठरते. त्यामुळे बाबूराव व दामले यांच्या यशास उणेपणा येत नाही. त्याची जागा तेवढी निश्चित होते. काच परकी राहिली, गती मात्र त्यांनी स्वतः घडविली. आणि चलच्चित्राचा प्राण गतीत आहे.

वापरलेले भिंग पारखणे ही स्वतंत्र विद्या होती आणि आहे. किनारपट्टीच्या दमट हवेत भिंगावर बुरशीचे जाळे धरते. काचा जोडणारा कॅनडा बाल्सम जुना झाला की पिवळा पडतो किंवा सुटतो. मध्यभागी रेखीव दिसणारे चित्र कडांना विरघळते. हे दोष डोळ्याने पाहून थोडेच कळतात. भिंग पूर्ण उघडे ठेवून थोडी फिल्म चालवावी, ती धुवावी व मोठी करून पाहावी, हाच खात्रीचा उपाय. यंत्राचे स्थैर्य पाहण्यासाठी छायालेखकांत रूढ असलेली कसोटीही अशीच सोपी आहे. रेघांच्या एका चौकटीचे चित्रण करावयाचे, तीच फिल्म मागे नेऊन कॅमेरा किंचित सरकवून पुन्हा त्याच चौकटीवर चालवावयाची. दोन वेळच्या रेघा एकमेकींपासून हलत असतील तर यंत्र डळमळते आहे. अशा कसोट्यांसाठी खर्ची पडलेली फिल्म कोणत्याही चित्रपटसूचीत नोंदलेली नसते. तरी सूचीतील प्रत्येक चित्रपट तिच्यावरच उभा असतो.

६

या विषयाचे महत्त्व केवळ यंत्रविषयक कुतूहलापुरते नाही. मूकपटांच्या काळातील बहुसंख्य फिल्म नष्ट झाल्या आहेत. ‘राजा हरिश्चंद्र’चा जो अंश उरला आहे, तो १९१३ चा की १९१७ च्या पुनर्निर्मितीचा, याविषयीही अभ्यासकांत एकमत नाही. अशा प्रसंगी फिल्मवरील दृश्याइतकीच तिची कड बोलकी ठरते. छिद्रांचा आकार, चौकटीच्या कोपऱ्यांची वळणे आणि कॅमेऱ्याच्या खिडकीने सोडलेली खूण यांवरून आरंभीच्या फिल्मांचा काळ व मूळ ठरविण्याची पद्धती ब्रिटिश फिल्म संग्रहालयातील हॅरॉल्ड ब्राउन यांनी सिद्ध केली. फिल्मवरील खुणेचा पडताळा ज्या यंत्राशी घ्यावयाचा, ते यंत्र मात्र मूळ अवस्थेत उपलब्ध असले पाहिजे.

आज अंकीय छायालेखनाच्या काळात फिल्मचे बहुतेक सर्व कॅमेरे ‘जुने’ झाले आहेत. त्यांची खरेदीविक्री हौशी संग्राहकांत मोठ्या प्रमाणावर चालते. पुष्कळदा भिंग काढून नव्या कॅमेऱ्यावर बसविले जाते, पेटी शोभेसाठी विकली जाते आणि खिडकीची पट्टी घासून लखलखीत केली जाते. खरेदीदाराचा यात काही अपराध नाही. परंतु या प्रत्येक क्रियेने पुराव्याचा एक भाग पुसला जातो. म्हणून असे यंत्र हाती येताच, दुरुस्तीपूर्वी, त्याचा क्रमांक, खिडकीची मापे, भिंगावरील अक्षरे आणि विक्रेत्याकडून कळलेली मालकीची परंपरा यांची नोंद झाली पाहिजे, व त्यावर चालविलेल्या फिल्मचा एक तुकडा त्या नोंदीसह जपला पाहिजे. हस्तलिखिताच्या बाबतीत पूर्वमालकांची शाई पुसून टाकणे अभ्यासक गैर मानतात. कॅमेऱ्याच्या दात्यांवरील झीज हीही पूर्वमालकांचीच शाई आहे. सावेदादांच्या यंत्राची अशी नोंद त्याच्या विक्रीच्या वेळी झाली असती, तर पाटणकरांच्या चित्रपटांपर्यंतचा मार्ग आज केवळ नामोल्लेखांवरून जुळवावा लागला नसता.